वाकड्या खोलीचा हिशेब

घोलवड स्थानकातून समुद्राच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दुतर्फा चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या गावाचे नाव फळांच्या खोक्यांवरून दूरदूर पोहोचले. गावाची चाल मात्र पूर्वीसारखीच संथ राहिली. अशाच एका वाडीच्या कडेला एका जैन कुटुंबाचे जुने कौलारू घर आहे. घराच्या पश्चिम टोकाला, विहिरीलगत, एक खोली आहे. बांधकामाच्या वेळी विहिरीचा काठ आड आला म्हणून गवंड्याने तिकडची भिंत तिरपी घेतली. त्यामुळे खोलीची उत्तरेकडील भिंत ४.८ मीटर आणि दक्षिणेकडील ३.९ मीटर लांब झाली. दोहोंमधील अंतर ३.४ मीटर. छप्परही एकीकडे उतरते: उत्तरेला ३.७ मीटर उंच, तर दक्षिणेला जेमतेम अडीच मीटर. तिरप्या भिंतीशी कपाट कधी नीट लागले नाही, पलंग कधी सरळ बसला नाही. घरात तिला सर्वजण ‘वाकडी खोली’ म्हणत आणि तेथे धान्याच्या रिकाम्या कोठ्या ठेवीत.

एका पौष महिन्यात ही खोली रिकामी करण्यात आली. मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करणारा घरातील नातू दोन महिन्यांची सवड काढून आला होता. आजींची गाणी त्याला मुद्रित करायची होती. आजींचे वय ८२, माहेर सांगली जिल्ह्यातील जतचे. त्यांच्याजवळ एक जीर्ण वही होती आणि तिच्यात ६१ गाणी होती: जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी आणि पर्युषणात त्यांच्या आई म्हणत असत ती काही स्तवने. वहीत शब्द होते, पण चाली कोठेही लिहिलेल्या नव्हत्या. त्या फक्त आजींच्या गळ्यात होत्या. गेल्या दोन वर्षांत त्यांना बोलताना धाप लागू लागली होती आणि एखादी ओळ अर्ध्यावर सुटू लागली होती. म्हणून घाई होती.

पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध पाट मांडला, समोर माईक ठेवला. आजींनी एक पाळणा म्हटला. खोलीत बसून ऐकताना तो गोड वाटला. मुद्रण ऐकले तेव्हा मात्र सर्वांचे चेहरे उतरले. आवाज जणू विहिरीतून येत होता. शब्दांची टोके एकमेकांत मिसळली होती आणि षड्जावर येताच सूर अकारण फुगत होता. नातवाचे वडील म्हणाले, “प्रत्यक्षात तर असे ऐकू आले नाही.” ते खरेच होते. माणसाचे दोन कान समोरचा आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज यांची निवड आपोआप करतात. माईकजवळ तो विवेक नसतो. त्याच्यापुढे जे येते ते सारे तो सारख्याच निष्ठेने नोंदवतो.

नातवाने टाळी वाजवून पाहिली. पूर्व-पश्चिम दिशेने टाळी स्वच्छ विरत होती. तिरप्या भिंतीने तेवढे काम केले होते. उत्तर-दक्षिण भिंती मात्र समांतर होत्या आणि त्यांच्यामध्ये टाळीचा आवाज टणटण करीत मागेपुढे धावत होता. खोली वाकडी असली की ध्वनीच्या तक्रारी राहत नाहीत, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिंती समांतर नसल्या तर अशी टणटण थांबते. पण खर्जातील घुमणे थांबत नाही. ते फक्त जागा बदलते आणि त्याचे गणित करणे अधिक अवघड होते.

मग त्याने एक फुगा फोडला आणि आवाज पूर्ण विरण्यास लागणारा वेळ यंत्रावर पाहिला. ध्वनीची पातळी साठ डेसिबलने उतरण्यास जितका वेळ लागतो तो त्या खोलीचा घुमारा. येथे तो १.६ सेकंद भरला. बोलण्याच्या किंवा एकट्या गळ्याच्या मुद्रणासाठी छोट्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आत असावा लागतो.

नातवाचे वडील आयुष्यभर दुकानाचे हिशेब लिहीत आलेले. त्यांना हा प्रकार गूढ न वाटता ओळखीचा वाटला. गाणारा खोलीत ध्वनी जमा करतो, भिंती तो खर्ची टाकतात. खर्च कमी असेल तर शिल्लक रेंगाळते, एवढेच त्यांनी त्यातून घेतले. “मग खर्चाची बाजू सांग,” असे म्हणून त्यांनी वही उघडली.

ही वही जगात पहिल्यांदा ज्याने मांडली त्याची हकीकत नातवाने त्या संध्याकाळी सांगितली. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले होते. तेथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कोणालाच कळत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम सोपवण्यात आले. रस्त्यावरचा गोंगाट शमल्यावर, मध्यरात्रीनंतर, तो जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या उशा आणून त्या सभागृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजी आणि सकाळी उशा पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवी. जितक्या उशा अधिक, तितका घुमारा कमी. सर्व उशा मांडल्या तेव्हा तो सुमारे एका सेकंदावर आला. त्यातून एक साधे सूत्र निघाले: खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. येईल तो घुमारा, सेकंदांत. शोषणाचे माप त्याने उघड्या खिडकीचे धरले. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून जाणारा ध्वनी परत येत नाही, म्हणून ते एक पूर्ण माप. १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल याच गणिताच्या आधारे बांधले गेले आणि आजही संगीतासाठी ते उत्तम सभागृहांत गणले जाते.

वडिलांनी लगेच आकडे मांडले. वाकड्या खोलीचे घनफळ सुमारे ४६ घनमीटर. त्याला ०.१६१ ने गुणले की ७.४ येतात. घुमारा १.६ सेकंद, म्हणजे खोलीतील सारे शोषण मिळून ४.६ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके. तो ०.४ सेकंदावर आणायचा तर शोषण १८.५ हवे. तूट सुमारे १४ चौरस मीटरची. वाकड्या खोलीची चारही मापे वेगळी असली तरी या सूत्राला आकाराशी कर्तव्य नव्हते. घनफळ आणि शोषण एवढेच त्याला पुरे होते.

तूट कशाने भरायची यावर घरात चर्चा झाली. शेजारून सूचना आली की भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवतात. आजींनी ती ऐकताच हातानेच नको म्हटले. त्या घरात तसले काही येणे शक्यच नव्हते. आणि नातवाने सांगितले की आले असते तरी उपयोग नव्हता. तो पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतील थोडाफार ध्वनी विखुरतो, माणसाच्या गळ्यातील मुख्य सुरांना तो जवळजवळ अडवतच नाही. दुकानात मिळणाऱ्या फोमच्या चौकोनांचाही विचार झाला. ते महाग होते, पातळ होते, आणि पॉलियुरेथेनचा फोम आग झटकन धरतो व त्याचा धूर विषारी असतो, हेही ध्यानात घेणे भाग होते.

उत्तर माळ्यावर होते. लग्नकार्याच्या पाहुण्यांसाठी शिवलेल्या कापसाच्या गाद्या तेथे रचून ठेवल्या होत्या. ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. ती हवा कापसाच्या तंतूंमधून जाताना घर्षणाने थकते आणि तिची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. पण त्यासाठी हवेला आत शिरता आले पाहिजे. दाबून दगडासारखी झालेली गादी ध्वनी परतवते. पिंजून सैल केलेली गादी तो गिळते. म्हणून गाद्या उसवून कापूस पुन्हा पिंजून घेतला, विरळ विणीच्या सुती कापडाच्या खोळी शिवल्या आणि दोन दिवस उन्हात टाकल्या. किनाऱ्यावरील दमट हवेत कापसाला ओल धरली तर बुरशी येते, जीवजंतू होतात. ते टाळणे आजींच्या दृष्टीने ध्वनीपेक्षाही महत्त्वाचे होते. प्रत्येक गादी १.७ चौरस मीटरची. आठ गाद्या म्हणजे १३.६. वडिलांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. हिशेब जुळला होता.

सुताराने लाकडी रिपांच्या चौकटी करून गाद्या भिंतीपासून चार बोटे अलग टांगल्या. हे अंतरही हिशेबात होते. भिंतीला अगदी लागून हवा जवळजवळ हालत नाही. ती सर्वांत वेगाने हालते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या चतुर्थांश अंतरावर. एक हजार हर्ट्झच्या सुरासाठी हे अंतर नऊ सेंटीमीटरांहून थोडे कमी भरते, तेव्हा गादी तेथे पोहोचते. शंभर हर्ट्झच्या खर्जासाठी तेच अंतर ८६ सेंटीमीटर होते. तेथे कोणतीही गादी पुरी पडत नाही. त्यामुळे खर्जाची नोंद वडिलांना वेगळ्या पानावर घ्यावी लागली.

त्या पानावर षड्जाचे कोडे सुटले. हिवाळ्यातील दुपारच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर ३.४ मीटर अंतरावरील दोन समांतर भिंतींमध्ये ५१, १०२, १५३ आणि २०४ हर्ट्झचे सूर उभे राहतात. म्हणजे ते विरण्याऐवजी जागच्या जागी झुलत राहतात. आजी काळी चारच्या आसपास गात आणि त्या पट्टीचा षड्ज २०८ हर्ट्झचा. साथीला तंबोरा नसल्याने तो दोनचार हर्ट्झ खालीवर होई. आजींनी षड्ज लावला की खोलीच त्यांच्यासोबत तो लावीत असे. शिवाय पाट बरोबर मध्यावर होता आणि मध्यावर या चौथ्या सुराचा जोर सर्वाधिक असतो. तेथून साधारण ४२ सेंटीमीटर सरकले की तोच जोर जवळजवळ नाहीसा होतो. पाट आणि माईक हातभर दक्षिणेकडे सरकवले. या उपायाला एक पैसाही पडला नाही आणि निम्मा त्रास तेवढ्यानेच मिटला.

उरलेल्या खर्जासाठी वाकडा कोपरा उपयोगी पडला. तिरपी भिंत आणि उत्तरेची भिंत जेथे मिळतात तो कोन सुमारे ७५ अंशांचा, अरुंद आणि एरवी निरुपयोगी. कपाट जात नाही, केरसुणी पोहोचत नाही. पण खोलीत झुलणाऱ्या खर्जाच्या सर्व सुरांचा दाब कोपऱ्यांतच सर्वाधिक असतो. तेथे जमिनीपासून आढ्यापर्यंत जुन्या गोधड्या आणि झिजलेल्या गाद्यांच्या गुंडाळ्या रचल्या आणि पुढे सुती पडदा सोडला. घरातील सर्वांत टाकाऊ कोपरा खोलीतील सर्वांत कामाचा झाला. सूनबाई हसून म्हणाल्या, “पन्नास वर्षे या कोपऱ्याला नावे ठेवली, आता त्यालाच पडदा शिवून दिला.”

येथे काम थांबायला हवे होते. वडिलांचा हिशेब आठ गाद्यांचा होता आणि यंत्रही ०.४ सेकंदाच्या जवळ आले होते. पण माळ्यावर आणखी सहा गाद्या होत्या आणि नातवाला अजून स्वच्छ आवाज हवा होता. त्याने त्या सहाही आणल्या. छपराखाली दोन टांगल्या, आजींच्या समोरची भिंत झाकली, जमिनीवर जाजम अंथरले. रोज एक बदल, रोज एक मोजणी. घुमारा पाव सेकंदावर आला. अशा तऱ्हेने सतरा दिवस गेले. आजी रोज दुपारी विचारीत, “आज म्हणू का रे?” आणि तो म्हणे, “उद्या, आजी. अजून थोडे राहिले आहे.”

अठराव्या दिवशी आजी गायला बसल्या आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबल्या. त्यांनी घसा साफ केला, पाणी घेतले. मग म्हणाल्या, “अरे, इथे माझा आवाज कुठे जातो तेच कळत नाही. भिंत काही बोलतच नाही. कुणीच ऐकत नसल्यासारखे वाटते. माझा गळा गेला का रे?”

नातवाने मुद्रण तपासले. यंत्राच्या दृष्टीने ते निर्दोष होते. माणसाच्या दृष्टीने ते ऐकवत नव्हते. आवाज कोरडा, थकलेला, आधार सुटलेला वाटत होता. आजींचा गळा गेला नव्हता, त्यांना मिळणारे उत्तर गेले होते. गाणारा माणूस स्वतःचा सूर केवळ आतून ऐकत नाही. खोलीतून परतणारा पहिला पडसाद त्याच्या कानावर येतो आणि त्यावर तो आपला सूर तोलतो, श्वास मोजतो. पडसाद नाहीसा झाला की तो नकळत जोर लावू लागतो, आणि ८२ वर्षांच्या छातीला तो जोर परवडणारा नव्हता.

त्या रात्री आजींनी आपल्या लहानपणीची एक आठवण सांगितली. जतहून विजापूर लांब नाही. वडिलांसोबत त्या गोल घुमट पाहायला गेल्या होत्या. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि त्याच्या कडेने फिरणाऱ्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलेले दुसऱ्या बाजूला कान लावणाऱ्यास ऐकू येते. वक्र भिंत ध्वनीला पसरू न देता आपल्या कडेने नेते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१-२२ च्या सुमारास अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात या घुमटाचाही समावेश होता. आजींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच आठवत होते की त्यांनी तेथे एका ओवीचे पहिले दोन शब्द म्हटले आणि घुमटाने ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. “तिथे उत्तर फार, गाणे पुढे सरकेना,” त्या म्हणाल्या. “आणि इथे उत्तरच नाही, तरी सरकेना.”

नातू बराच वेळ बोलला नाही. विद्येतील जे तत्त्व त्याने पुस्तकांत वाचले होते ते आजींनी दोन वाक्यांत सांगितले होते. घुमटात पलीकडे जाऊन परतणाऱ्या ध्वनीला ७६ मीटर चालावे लागते. त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडा वेळ लागतो, म्हणून तो वेगळा शब्द होऊन कानावर आदळतो. वाकड्या खोलीत भिंतीला लागून परत येणारा ध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोहोचतो. एवढ्या लवकर आलेले उत्तर कानाला वेगळे ऐकू येत नाही. ते मूळ आवाजात मिसळून त्याला भरीवपणा देते. नष्ट करायचे होते ते रेंगाळणारे उत्तर. त्याने झटपट येणारे उत्तरही पुसून टाकले होते.

मोठ्या सभागृहांचे कर्तेही हाच भेद जपतात. मुंबईत नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुरचनाकार आणि सिरिल हॅरिस हे ध्वनितज्ज्ञ. भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय हजार श्रोत्यांपर्यंत पोहोचावे, ही त्यामागची इच्छा. तेथील भिंती आणि छत सपाट नाहीत. लहानमोठ्या तिरप्या पृष्ठांत ते मोडलेले आहेत. त्यामुळे ध्वनी गिळला न जाता विखुरतो आणि चहूबाजूंनी हळुवारपणे श्रोत्यांकडे येतो. जे वाकडेपण तेथे मुद्दाम घडवले गेले, त्याचा थोडासा अंश घोलवडच्या गवंड्याने विहिरीच्या धाकाने या खोलीला आधीच देऊन ठेवला होता. नातवाने तोच झाकून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंतर आणलेल्या सहाही गाद्या माळ्यावर परत गेल्या. जाजमही काढले. आजींच्या समोरची तिरपी भिंत उघडी ठेवली आणि तिच्यापुढे दुकानाच्या जुन्या चोपड्यांची मांडणी उभी केली. वेगवेगळ्या जाडीच्या, काही पुढे काही मागे सरकवलेल्या त्या चोपड्यांवर आपटून ध्वनी बारीक तुकड्यांत विखुरला जाई. गाद्या आजींच्या पाठीमागे आणि बाजूंना राहिल्या, म्हणजे माईकमध्ये मागून येणारा घुमारा त्यांनी अडवावा. टाळी वाजवली. ती झटकन विरली, पण मेली नाही.

आजी बसल्या. पहिल्या ओळीनंतर थांबल्या नाहीत.

तरीही काहीतरी उणे होते आणि ते नातवाच्या वडिलांच्या ध्यानात आले. गाताना आजींची नजर माईककडे न राहता दाराकडे जाई. त्यांची बहुतेक गाणी एकट्याने म्हणायची नव्हतीच; पाळण्यापुढे बायका असत, हळदीला सारे घर असे. वडिलांनी वही काढली आणि नातवाला विचारले, “माणूस किती ध्वनी शोषतो?” सेबाइनने तेही मोजले होते. बसलेला माणूस, अंगावरील कपड्यांसह, मधल्या सुरांसाठी साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका धरता येतो. वडिलांनी आकडे जुळवले. तीन माणसे म्हणजे दीड. “एक गादी काढ,” ते म्हणाले, “आम्ही तिघे बसतो.”

एक गादी निघाली आणि तिच्या जागी आजींचे चिरंजीव, सूनबाई आणि घरात कामाला येणाऱ्या एक मावशी बसू लागल्या. मोजणीत काडीचाही फरक पडला नाही. गाण्यात पडला. आजी आता चोपड्यांकडे न पाहता माणसांकडे पाहून गात. मुलाने त्यांतील कित्येक गाणी पूर्वी कधी ऐकलीच नव्हती. दुकानाच्या वेळा आणि आईच्या गाण्याच्या वेळा पन्नास वर्षे एकमेकींना चुकवीत आल्या होत्या. एका ओवीनंतर ते उठून बाहेर गेले आणि विहिरीपाशी बराच वेळ उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी फक्त एवढेच म्हटले, “आई, ती पुन्हा म्हण. मी मध्येच हाललो, आवाज आला असेल.”

आगगाड्यांपुढे मात्र कोणाचा इलाज नव्हता. मुंबई-अहमदाबाद मार्गावरील गाड्यांची ये-जा घोलवडवरून दिवसरात्र चालते. खोलीतला ध्वनी शोषणे आणि बाहेरचा ध्वनी आत येऊ न देणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यासाठी सैल कापूस लागतो. दुसऱ्यासाठी जड भिंत आणि एकही फट नसलेले छप्पर. कौलांच्या फटींतून येणाऱ्या गाडीला गादी थांबवू शकत नाही. म्हणून गाडी आली की सारे थांबत, ती गेली की पुन्हा सुरुवात होई. आजींना त्यात अडचण वाटली नाही. “गाडीला जाऊ दे आधी,” असे म्हणून त्या तेवढ्यात पुढची ओळ मनाशी घोळवून घेत. समुद्र भरतीला असला की त्याची गाज मुद्रणात मंद उतरे. ओहोटीला पाणी दूर जाई आणि खोली अधिक शांत होई. पंचांगातील तिथी पाहून भरती-ओहोटीचा अंदाज बांधणे आजींना येतच होते. मुद्रणाच्या वेळा त्याच ठरवू लागल्या.

तेवीस दिवसांत ३८ गाणी मुद्रित झाली. मग आजींना सर्दी झाली, तिचा खोकला झाला आणि खोकला महिनाभर रेंगाळला. नातवाची रजा संपली. फाल्गुनाच्या अखेरीस तो चार दिवसांसाठी पुन्हा आला तेव्हा आजींनी आणखी वीस गाणी म्हटली, काही धापेसह, काही अर्ध्या आवाजात. तीन राहिली. शब्द वहीत होते, पण चाल आठवेना. आजी डोळे मिटून बराच वेळ बसल्या, पहिला शब्द उच्चारला, आणि मग मान हालवली. पौषात त्या रोज विचारीत होत्या तेव्हा ही तिन्ही गाणी त्यांना येत होती. नातवाने ते कोणाला बोलून दाखवले नाही. पण वडिलांच्या वहीत, गाद्यांच्या हिशेबाखाली, त्याच्या अक्षरात एक ओळ आहे: सतरा दिवस, तीन गाणी.

ज्यांच्या घरी अशी एखादी वही आणि असा एखादा गळा आहे, त्यांनी या कुटुंबाच्या अनुभवातून एवढे घेण्यासारखे आहे. खोली चौरस असलीच पाहिजे असे नाही. प्रथम बसण्याची जागा बदलून पाहावी. माळ्यावरच्या गाद्या उन्हे दाखवून, कापूस सैल करून, भिंतीपासून थोड्या अलग टांगाव्यात. अरुंद कोपरा भरून टाकावा. गाणाऱ्याच्या समोरची भिंत उघडी राहू द्यावी. कापूसही पेट घेतो, म्हणून त्या खोलीत दिवा किंवा उदबत्ती लावू नये. पावसाळ्यापूर्वी सारे उतरवून कोरडे करून ठेवावे. घुमारा अर्ध्या सेकंदाच्या आत आला की मोजणी बंद करावी आणि त्याच दुपारी गायला बसवावे.

पुढल्या वैशाखात घरात लग्न निघाले आणि गाद्या पाहुण्यांसाठी परत खाली आल्या. वाकडा कोपरा मात्र तसाच भरलेला आहे, पडदाही आहे. मुलगा संध्याकाळी दुकान बंद करून आला की काही वेळ त्या खोलीत आईजवळ बसतो. माईक नसतो. आजी जे आठवेल ते म्हणतात, कधी एकच ओळ. वहीतील ५८ गाण्यांपुढे नातवाने खुणा केल्या आहेत. उरलेल्या तिघांपुढची जागा आजींनी रिकामी ठेवायला सांगितली आहे; एखाद्या पहाटे चाल आठवली, तर खूण करायला.